चार मिलिमीटर

माझ्या कामात एक प्रश्न प्रत्येक घरच्या माणसाला विचारावाच लागतो, आणि तो विचारताना मला अजूनही धाकधूक होते. "तुमच्या घरात याआधी असं कोणाला झालं होतं का?"

मी सर्जन नाही. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या रुग्णालयात न्यूरोसर्जरी विभागात संशोधनाचं काम करते. लकवा मारलेली, मेंदूत रक्तस्राव झालेली माणसं येतात, त्यांच्या नोंदी ठेवायच्या, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची चित्रं संगणकावर मोजायची, आणि जी बरी होऊन घरी गेली त्यांना गावोगाव जाऊन पाहायचं, असं ते काम. त्यातही माझा मुख्य विषय म्हणजे रक्तवाहिनीवर येणारा फुगा. सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर एखाद्या जागी पातळ झालं की तिथे फुगवटा येतो, तसाच हा. कित्येकांच्या डोक्यात तो जन्मभर असतो आणि त्यांना पत्ताही लागत नाही. काहींचा फुटतो. फुटला की माणसं एकच वाक्य बोलतात, "डोक्शात काईतरी फुटलं." मग बरीचशी काही बोलतच नाहीत.

काही वर्षांपूर्वी जामहून एक बाई आमच्याकडे आली. आली म्हणजे आणली. जामच्या चौकात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. सकाळी पोह्याच्या गर्दीत ती शेगडीजवळ उभी होती, तिने डोक्याला हात लावला आणि तिथेच खाली बसली. आमच्याकडे पोहोचली तेव्हा बेशुद्ध होती. चौथ्या दिवशी गेली.

त्या चार दिवसांत अतिदक्षता विभागाबाहेर तिची धाकटी बहीण बसून असायची. चाळिशीची, ठेंगणी, अंगाने दणकट. तळेगावला तिचं आणि तिच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी मी माझा फॉर्म घेऊन तिच्याशेजारी बसले आणि तो प्रश्न विचारला.

"आमची माय अशीच गेली," ती म्हणाली. "चुलीपाशी बसल्या बसल्या. मी तवा दहा-बारा वर्षांची असीन. लोक म्हने, कोनाची नजर लागली."

मी लिहून घेतलं. लिहिताना अक्षर वाकडं आलं, कारण माझी आईसुद्धा तशीच गेली होती. पण ते मी तिला सांगितलं नाही. विभागात कोणालाच सांगितलं नव्हतं.

बाई गेल्यावर आमच्या सरांनी माझा फॉर्म वाचला. सर मूळचे साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "आई आणि मोठी बहीण, दोघी. म्हणजे हे घराण्यात असू शकतं. या धाकटीची तपासणी व्हायला हवी. फोनवर सांगू नकोस. जाऊन सांग."

मी तेरवी होऊन जाऊ दिली आणि मग गेले.

तळेगावला उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दुकान बाजाराच्या रस्त्यावरच होतं. बाहेर पत्र्याखाली गंज म्हणजे उभी पातेली, पराती, बादल्या एकात एक घालून रचलेल्या. आत ती लहानशी यंत्राची लेखणी घेऊन एका स्टीलच्या ताटावर नाव टाकत होती. लग्नात द्यायच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरून घेतात, ते काम दुकानात तीच करायची. त्या यंत्राच्या घर्र घर्र आवाजात तिला मी आलेलं कळलंच नाही. मान वर करून तिने मला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. दवाखान्यातलं माणूस दारात आलं की लोकांना काय वाटतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

चहा झाला. तिचा नवरा गिऱ्हाईक सोडून आत येऊन बसला. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. तुमच्याही डोक्यात फुगा असेलच असं नाही, पण असू शकतो. सुई नाही, दुखणं नाही. अर्धा तास मशिनमध्ये पडून राहायचं.

"आनं पाह्यलंच नाई तर?" तिने विचारलं.

"तर कळणार नाही."

"मंग जसं हाये तसंच राहीन नं? आता कुठं मले काई होऊन राह्यलं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. पाठ केलेलं, बरोबर उत्तर. लवकर कळलं तर उपाय करता येतो, फुटल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. मी तेच म्हणाले, आणि वर तिच्या बहिणीचं नाव काढलं. बहिणीचं नाव काढल्यावर तिने कधी यायचं ते विचारलं. आज वाटतं, तिथे मी तिच्यावर जोर टाकला. संमतीपत्रात असं काही करायचं नाही असं आम्हीच लिहून ठेवलेलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन आली. मशिनच्या त्या बोगद्यात जायला घाबरली, एकदा बाहेर आली, पाणी प्यायली, पुन्हा गेली. मी काचेपलीकडे होते. चित्रं एकेक करून पडद्यावर येऊ लागली. या कामात इतकी वर्षं गेल्यावर रक्तवाहिन्यांची वळणं अंगणातल्या पायवाटांसारखी ओळखीची होतात. डाव्या बाजूला, जिथे एक मोठी वाहिनी दोन फांद्यांत फुटते, त्या बेचक्यात एक गोल ठिपका होता.

मी मोजलं. पुन्हा मोजलं. चार मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढा.

तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर आधी समाधान वाटलं. माझा अंदाज बरोबर निघाला होता. मग काचेपलीकडे तिचे पाय दिसले, हिरव्या चादरीखाली एकमेकांवर घट्ट दाबलेले, आणि मी माउसवरचा हात काढून घेतला.

सरांनी दोघांना बसवून सगळं नीट समजावलं. फुगा लहान आहे. असे लहान फुगे बहुतेक वेळा गप्प राहतात. ऑपरेशनलाही धोका असतोच, म्हणून आत्ता घाई नको. बीपी ताब्यात ठेवा, तंबाखूचं मंजन आजपासून बंद, आणि वर्षभराने पुन्हा तपासू. ती ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "म्हंजे हा आता माह्या डोक्शात हाये? आत्ता? इथं बसल्या बसल्या?"

"आहे," सर म्हणाले. "पण तो आधीपासूनच होता."

"पन मले मालूम नोतं," ती म्हणाली.

त्यानंतर तिचे फोन सुरू झाले. माझा नंबर मीच दिला होता, काही वाटलं तर कळवा म्हणून. पहिला फोन तिसऱ्याच दिवशी आला. मी जेवायला बसले होते.

"मॅडम, मले शिंक येऊन राह्यली. येऊ देऊ का?"

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "येऊ द्या," मी म्हणाले. "शिंकेने काही होत नाही." पलीकडून बराच वेळ श्वास ऐकू येत राहिला. मग ती शिंकली. मी पलीकडच्या आवाजाची वाट पाहत होते. "हाये, हाये," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

वाकून झाडू का? डोक्यावरून न्हाऊ का? उन्हात बाजाराला जाऊ का? आंब्याचं लोणचं खाल्लं तर बीपी वाढतं का? तिने बीपी मोजायचं मशिन घेतलं आणि दिवसातून इतक्या वेळा दंडाला लावायला लागली की दंडावर वळ उठले. आकडा जरा वर दिसला की घाबरायची, आणि घाबरली की आकडा आणखी वर जायचा. तंबाखूचं मंजन तिने त्याच दिवशी सोडलं, पण त्यासोबत हसणंही सोडलं. मोठ्याने हसल्यावर डोक्यात जोर येतो, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं.

तीन महिन्यांनी मी पुन्हा तळेगावला गेले. पाहणीचा भाग म्हणून जायचंच होतं. दुकानात एकटा नवरा होता. ती आतल्या खोलीत, पाठीला दोन उशा लावून बसलेली. भरल्या घागरी, पराती काही उचलत नव्हती. नावं टाकायचं कामही बंद केलं होतं, यंत्राच्या थरथरीने डोक्यात काही हलेल म्हणून. मी निघताना तिचा नवरा माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. साधा, मवाळ माणूस. पण त्या दिवशी तो मला अडवून उभा राहिला.

"धड बायको होती माही, मॅडम. हसत होती, खात होती, दुकान सांभाळत होती. तुमी आले आनं बिमार करून टाकली. फुगा काई फुटला नाई, पन मानूस फुटलं. तुमाले काय भेटलं यातून? तुमची नोंद झाली?"

मी म्हणाले, "भाऊ, ते कळणं गरजेचं होतं."

"कोनाले गरजेचं?" तो म्हणाला, आणि परत दुकानाकडे वळला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. आर्वी येईपर्यंत त्याच प्रश्नाशी भांडत राहिले. विभागात आल्यावर सरांना सांगितलं. सर म्हणाले, "भीतीचीही नोंद ठेव. आपण फक्त फुग्याची ठेवतो." मी फॉर्मात एक रकाना वाढवला. पण तो भरायला गेले की काय लिहावं ते सुचत नसे.

एकदा फोनवर ती नेहमीसारखी प्रश्न विचारत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तुमी तुमचं डोक्स पाह्यलं का?"

मी म्हणाले, "मला गरज नाही."

"काऊन? तुमच्या घरी असं कोनी नाई का?"

शेकडो लोकांना मी विचारलेला प्रश्न होता तो. खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले.

आमचं गाव रोहणा. मी आठवीत होते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, दुपारची वेळ, बाबा शेतावर. आई गच्चीवर चटईवर मिरच्या वाळत घालत होती आणि मी जिन्यात सावलीला बसून तिच्याशी बोलत होते. ती मध्येच थांबली. म्हणाली, "अवो माय, डोक्शात काईतरी फुटलं वं." मला वाटलं ऊन लागलं. मी पाणी आणायला खाली धावले. माठातून गडू भरला, वर आले, तोवर ती मिरच्यांवर आडवी झाली होती. डोळे उघडे. बाबांनी कोणाची तरी जीप आणली आणि आम्ही आर्वीला निघालो. वाटेत तिचा हात माझ्या हातात होता. तो कधी थंड पडला ते मला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त गेलं. तिच्या मेंदूचं चित्र कोणी काढलं नाही. फुगा होता, की बीपीने नस फुटली, की आणखी काही, ते आता कधीच कळणार नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी असं शेवटपर्यंत सांगितलं. एकाच नातेवाइकाला झालं असेल आणि तेही नक्की नसेल, तर तपासणीचा आग्रह आम्ही धरत नाही, हेही सांगितलं. ते खरंच होतं. आणि इतकी वर्षं मी त्याच वाक्याच्या आड लपले होते.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे तुमी बी भेता."

"हो."

"मंग माह्या दुसऱ्या फोटोच्या दिवशी तुमी बी काढा. मी एकटी नाई जात आत."

वर्ष संपलं. ठरल्या दिवशी ती सकाळच्या गाडीने आली. या वेळी सोबत तिची मुलगी होती, आर्वीच्या कॉलेजात शिकणारी, वीसएक वर्षांची. नवरा दुकानात थांबला होता. आधी मी आत गेले. इतक्या लोकांना मी त्या मशिनमध्ये पाठवलं होतं, "काही होत नाही, फक्त आवाज येतो" म्हणत. आत गेल्यावर कळलं की तो आवाज कानाला नाही, दातांना लागतो. डोकं पिंजऱ्यासारख्या साच्यात अडकवलेलं, छत नाकापासून वीतभर अंतरावर. मला एकेक फांदी डोळ्यांपुढे दिसत होती, कारण कोणत्या आवाजाला कुठलं चित्र निघतं ते मला पाठ होतं. हा आवाज म्हणजे आता रक्तवाहिन्या. आता ते बेचकं. आता तिथे आहे किंवा नाही. मी हातातलं, बाहेरच्यांना बोलावण्याचं रबरी बटण इतकं घट्ट धरलं होतं की ते वाजलं, आणि तंत्रज्ञाने घाबरून विचारलं, "मॅडम, बाहेर काढू का?" मी नको म्हणाले.

माझ्यानंतर ती गेली. मग आम्ही दोघी बाहेर बाकावर बसून राहिलो. मुलीने डब्यातून आणलेला चिवडा पुढे केला, कोणी घेतला नाही. सर आत चित्रं पाहत होते. नियमाप्रमाणे माझी चित्रं मी पाहायची नव्हती. अर्ध्या तासाने त्यांनी आधी मला बोलावलं.

"तुझं स्वच्छ आहे," ते म्हणाले. "काहीही नाही." आणि मग खुर्ची पडद्याकडे वळवून, "हिचं बघ."

तो वाढला होता. साडेपाचच्या पुढे गेला होता. गोलाईही राहिली नव्हती, एका कडेला बारीकसं शिंग फुटलं होतं. असं शिंग आलं की भिंत तिथे आणखी पातळ झालेली असते. हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते.

मी बाहेर आले. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून दारातच ओढणी सारखी केली. तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं चांगलं निंगालं."

"हो."

"आनं माहं?"

"सर बोलावतात. ते सांगतील."

ती उठली. मला वाटलं आत जाते. पण ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली. सरांनी हाक मारेपर्यंत तशीच बसली. मी तिला दोष देऊ शकत नव्हते. मला सुटका झाल्यासारखं वाटत होतं, आणि तिच्या पाठीकडे पाहून त्या सुटकेची लाज वाटत होती. दोन्ही एकाच वेळी.

ऑपरेशन करायचं ठरलं. मांडीतल्या धमनीतून तार नेऊनही असे फुगे आतून भरता येतात, पण हिच्या फुग्याचं तोंड रुंद होतं, म्हणून कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा, असं सर म्हणाले. डावी बाजू, म्हणजे बोलण्याचं केंद्र जवळ. संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं. सही करताना तिने तेच वाक्य बोटाने दाखवलं.

"बोलनं जाईन?"

"जाऊ शकतं," सर म्हणाले. "शक्यता कमी आहे. पण नाहीच असं मी म्हणणार नाही."

नवऱ्याने सही केली. त्याने पेन इतकं दाबून चालवलं की पहिला कागद फाटला आणि दुसरा आणावा लागला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मी आत होते, कोपऱ्यातल्या पडद्यासमोर. सूक्ष्मदर्शकातलं दृश्य त्या पडद्यावर मोठं दिसतं. तास-दीड तास नुसती वाट मोकळी करणं चालू होतं. मग तो दिसला. संगणकावर मी त्याला करडा पाहिला होता, इथे तो लाल होता, आणि शिंगाच्या जागी भिंत इतकी पातळ की आतलं रक्त गरगरताना दिसत होतं. प्रत्येक ठोक्याला तो हलत होता. एवढीशी ती गोष्ट, आणि तिच्याबरोबर ती वर्षभर जेवली, झोपली, शिंकली होती. सरांनी मोठ्या वाहिनीवर थोडा वेळ तात्पुरता चिमटा लावला आणि भूलतज्ज्ञ मोठ्याने मिनिटं मोजू लागले. मग फुग्याच्या मानेवर कायमचा चिमटा बसला आणि तो लाल गोळा हळूहळू सुरकुतला. सर मास्कमधून म्हणाले, "झालं."

संध्याकाळी ती डोळे उघडत होती, हात-पाय हलवत होती. मी मुलीला म्हणाले, सगळं चांगलं झालं. ते मी जरा लवकरच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी तिला पेन दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

ती पेनाकडे पाहत राहिली. ओठ हलले. "चमचा," ती म्हणाली.

घड्याळ दाखवलं. "चमचा." मुलीकडे बोट केलं. तिने मुलीकडे पाहिलं, तिला ओळखलं होतं हे डोळ्यांवरून कळत होतं, पण तोंडातून पुन्हा तेच आलं, आणि आपण चुकीचं बोललो हे कळून ती रडायला लागली. पुन्हा स्कॅन झाला. चिमटा व्यवस्थित होता. पण जवळच एक लहानसा डाग होता, एका बारीक फांदीचं रक्त कमी पडल्याचा. म्हणजे लकव्याचाच झटका, छोटा, वाचेवर आलेला. फुग्यापासून वाचवताना आम्हीच तो दिला होता.

नवरा खोलीच्या दाराशी उभा होता. मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "बोलली नाई तं दुकानात कशी बसन?"

सर म्हणाले, डाग लहान आहे, सूज उतरेल, शब्द परत येतील, पण काम करून घ्यावं लागेल. वाचा-उपचाराच्या बाई रोज सकाळी येत. दुपारचा एक तास मी मागून घेतला. चित्रांची कार्डं दाखवायचे, सफरचंद, छत्री, घर. तिला कंटाळा यायचा, राग यायचा, कार्डं ढकलून द्यायची. तिसऱ्या दिवशी मुलीने घरून पिशवीभर भांडी आणली. वाटी, गडू, झारा, चमचा, गंज, परात. पलंगावर मांडली. परिचारिका हसल्या, पण तिने भांड्यांवरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ एकेक उचलून पाहत राहिली.

सहाव्या दिवशी मी गंज पुढे धरला. ती थांबली. घसा खाकरला. कपाळावर घाम आला होता.

"गं," ती म्हणाली. "गं... गंज."

मुलीने माझा हात धरला. मी दुसरं भांडं उचललं. "परात," ती म्हणाली. तिसऱ्याला पुन्हा चमचा म्हणाली, आणि तो योगायोगाने चमचाच होता. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली, मोठ्याने, टाक्यांवर हात दाबून. मी घाबरून पुढे झाले, आणि मग आठवलं की आता हसायला हरकत नव्हती.

घरी जाताना तिला साधी वाक्यं येत होती. चार-पाच महिन्यांत बरंचसं बोलणं परत आलं. सगळं नाही. थकली की शब्द अडतो, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि ती "ते... ते हे" म्हणत कपाटाकडे बोट करते. पुन्हा यंत्र घेऊन नावं टाकायला लागली तेव्हा वेलांट्या सुटायच्या. एका लग्नाची सगळीच्या सगळी ताटं परत आली. आता मुलगी कागदावर लिहून देते, आणि ती पाहून कोरते. तिचा नवरा मला आता नमस्कार करतो, चहा विचारतो. पण त्या दिवशी रस्त्यावर बोललेलं त्याने कधी मागे घेतलं नाही, आणि मीही त्याला ते विसरायला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पाहणीला गेले होते. ती दुकानात गंज पुसत होती. मी तिला विचारलं, "ताई, मी त्या दिवशी आलेच नसते तर?"

ती पुसत राहिली. "तं फुटला असता. नाई तं नसता फुटला." शब्द शोधत थोडं थांबली. "कोनाले मालूम? तुमाले मालूम हाये का?"

"नाही."

"मंग?" ती म्हणाली, आणि फडकं पिळायला आत गेली.

आणि मग एप्रिलमध्ये तिच्या मुलीचा फोन आला. आईला न सांगता केलेला. "मॅडम, मी पन तपासून घेऊ का?"

तळेगावच्या दुकानात मी तिच्या आईला जे पाठ केलेलं उत्तर दिलं होतं, ते ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. मग तिला सावकाश सांगितलं. आजी, मावशी, आई, तिघींना झालं, म्हणून तपासणं योग्य आहे. तुझं वय लहान आहे, आजच्या आज करायलाच हवं असं नाही. काही निघालं नाही तर काही वर्षांनी पुन्हा पाहावं लागेल. आणि काही निघालं, आणि ते लहान असलं, तर ते घेऊन जगावं लागेल, आई त्या वर्षी जगली तशी. हे तुझ्या आईला मी आधी नीट सांगितलं नव्हतं. तू ऐकून घे, हवं तर सरांशी बोल, आणि मग ठरव.

पलीकडे ती ऐकत होती. मागून दुकानातला आवाज येत होता.

"माही परीक्षा हाये," ती म्हणाली. "झाल्यावर सांगतो."

परीक्षा होऊन आता दोन महिने झाले. ती आलेली नाही आणि तिचा फोनही नाही. सरांनी एकदा विचारलं. मी म्हणाले, तिचं तिला ठरवू द्या. रोज सकाळी संगणक सुरू करताना मी तिला फोन लावायचा विचार करते, आणि लावत नाही.